आज्जींचा उपास : एकाहत्तर

आमच्या ओव्हनला सोमवार कळतो, हे घरात सगळ्यांत आधी मला कळलं. ते बाकीच्यांना पटवून देईपर्यंत माझे चार सोमवारचे नैवेद्य फुकट गेले, आणि पटलं तेव्हा सगळ्यांनी त्याचा भलताच अर्थ घेतला.

आम्ही कोल्हापुरात नवव्या मजल्यावर राहतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीने ज्योत बंद केली. म्हणजे गॅस नाही, स्टोव्ह नाही. देवापुढच्या निरांजनालासुद्धा सभेत हात वर करून परवानगी घ्यावी लागली. मग अक्षय्य तृतीयेला माझ्या सुनेने, मितालीने, हा वाफेचा ओव्हन आणला. पोटात वाफ, डोक्यावर शेगडी, सगळं एकात. भाजतो, उकडतो, दूध तापवतो, आणि वर बोलतो. अडचण एवढीच की तो रुसला की वरच्या शेगडीलाही कुलूप पडतं. मग घरात चहासुद्धा होत नाही.

माझी नात शर्वी तेव्हा नऊ वर्षांची. आषाढापासून पोर वाळत चालली होती. फ्रॉकची कंबर आवळून आवळून मी तीनदा टाके घातले. खो-खोत पहिली असायची, ती आता दुसऱ्या डावातच मातीत बसते, असं तिच्या बाई म्हणाल्या. जुलैमध्ये डॉक्टरांना दाखवलं होतं. ते म्हणाले, उंची वाढतेय, वजन मागे पडतं कधी कधी. कौस्तुभने, माझ्या मुलाने, ते ऐकलं आणि सुटकेचा श्वास टाकला. मला काही तो टाकता आला नाही. मी श्रावणात अकरा सोमवार बोलले. दिवसभर उपास, दिवेलागणीपर्यंत मौन, आणि संध्याकाळी घरात वाफवलेल्या गरम दिंडांचा नैवेद्य. दिंडं म्हणजे पुरण भरून, चौकोनी घडी घालून उकडायची. नैवेद्य दाखवला की पहिलं दिंड शर्वीच्या हातात. तिला ती फार आवडतात. पोरीच्या अंगी लागावं, एवढंच मागणं होतं.

पहिल्या सोमवारी सकाळी डाळ नीट शिजली. संध्याकाळी सहाला दिंडं चाळणीत मांडली, चाळणी आत ठेवली, बटण दाबलं.

"खालच्या ट्रेमधले पाणी काढा," ओव्हन म्हणाला.

वाफेचं पाणी होऊन खालच्या ट्रेमध्ये उतरतं आणि तिथून नळीने मागे निघून जातं, असं मला शिकवलं होतं. ट्रे ओढला तर काठोकाठ भरलेला. वाकून, पुसून, जागेवर बसवला.

"खालच्या ट्रेमधले पाणी काढा."

पुन्हा काढलं. थेंब नव्हता त्यात.

"दहनशील वाफ आढळली. आपल्या सुरक्षेसाठी भट्टी बंद करत आहोत."

खटकन कुलूप. माझं मौन, त्यामुळे कंपनीला फोन शर्वीने लावला. पलीकडे माणूस नव्हताच, गोड आवाजातलं यंत्र होतं.

"आपण ओव्हनजवळ नेलपॉलिश काढायचं औषध वापरता का?"

शर्वीने माझ्या नखांकडे पाहिलं. नखांत हळद. ती हसत सुटली.

"आज्जी नाही लावत ओ नेलपॉलिश!"

"मग घरात रंगकाम सुरू आहे का? थिनर?"

मी मानेने नाही म्हटलं. ते त्या आवाजाला दिसणार कसं? शेवटी दूध-साखरेवर नैवेद्य उरकला; नैवेद्य बदलला तर चालतं, मौन मोडलं की व्रत मोडतं. कच्ची दिंडं फ्रीजमध्ये चिकटून लगदा झाली. मिताली ऑफिसातून आली, तिला चहा मिळाला नाही, आणि ती काहीच बोलली नाही. ती काही बोलत नाही, तेव्हा मला जास्त लागतं.

मंगळवारी मुजावर आले. कंपनीचे दुरुस्तीवाले, पन्नाशीचे, डोक्यावर पांढरी टोपी. पट्ट्याला बारीक हत्यारांची पिशवी. त्यांनी ओव्हन पुढे ओढला, निचऱ्याची नळी सोडवली, तिच्यात तार घातली आणि तारेच्या टोकाला काहीतरी घेऊन माझ्यासमोर धरलं. फुगलेला, लालसर, बोटाच्या पेराएवढा गोळा.

"काय ओ आज्जी, मशीनला भात भरवलासा काय?"

मी पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. अक्षता. ओव्हन घरात आला त्या दिवशी मी त्याला हळद-कुंकू लावून अक्षता वाहिल्या होत्या. घरात नवीन यंत्र आलं की वाहतोच आपण. त्यातले पाचसात दाणे ट्रेच्या जाळीतून आत गेले असणार. नळीच्या वाकणावर अडकले, आणि तीन महिने रोज वाफ खाऊन शिजले.

"आता ते दुसरं काय म्हणत होतं? वाफ कसली?" मी विचारलं. मंगळवारी मला बोलता येतं.

मुजावरांनी दाराखालची एक पट्टी दाखवली. नखाएवढी, जाळीदार. "हे त्याचं नाक. रेशमाचा पतंग असतोय बघा, त्याला मैलभर लांबची मादी वासावर कळती. त्याच्या मिशांवर जे प्रथिन असतंय, तसलं ह्या चकतीवर वाढवलंय, हजार तऱ्हेचं. एकेक तऱ्हा एकेका वासाला चिकटती. भात शिजला, केक करपला, दूध नासलं, ह्याला आपल्याआधी कळतंय. पेट घेणारी वाफ आली तर कुलूप घालायचं, असं गेल्या महिन्यात कंपनीनं वरनं सांगून ठेवलंय त्याला. ट्रेमधलं पाणी तुंबून राहिलं, त्यात कसला तरी वास मुरला असंल. आता नाही यायचं."

त्यांनी माझ्यासमोर चहा करून दाखवला. दूध उतू जायच्या आधी शेगडी आपोआप मंदावली. मी ओव्हनला मनातल्या मनात नमस्कार केला. या वेळी अक्षता नाही.

दुसऱ्या सोमवारी संध्याकाळी पुन्हा कुलूप.

मंगळवारी मुजावर आले, ओव्हन सुतासारखा सरळ. तिसऱ्या सोमवारी कुलूप. मंगळवारी मुजावरांनी नाकाची चकतीच बदलली. तेव्हा ओव्हनने हसतमुखाने पापड भाजून दिले. मधे गुरुवारी एकादशी आली, तेव्हाही कुलूप. शुक्रवारी मी फोन केला तर मुजावर म्हणाले, "आता चालतंय का?" चालत होता. "मग मी येऊन काय बघू, आज्जी?"

डॉक्टरांपुढे पोराचा खोकला थांबतो, तसलं हे दुखणं. घरात रोज संध्याकाळी एकच प्रश्न. कौस्तुभ कागलच्या कारखान्यातून थकून यायचा, बूट काढता काढता विचारायचा, "आज आहे का चहा, की रुसलाय?" मिताली म्हणाली, "आई, एक काम करा ना, सोमवारी स्वयंपाकघरात जाऊच नका." नैवेद्य मग काय आकाशातून उतरणार होता? मी तसं पुटपुटले. मला मोठ्याने बोलता येत नाही, आणि हळू बोललेलं या घरात कुणाला ऐकू येत नाही.

चौथ्या सोमवारी कुलूप पडलं तेव्हा मी देवघरातली दिनदर्शिका काढली. ज्या ज्या दिवशी ओव्हन रुसला, त्या तारखेभोवती पेन्सिलने गोल केला. सोमवार, सोमवार, संकष्टी, सोमवार, एकादशी, सोमवार. माझे उपासाचे सगळे दिवस, आणि फक्त तेच. एकही सुटला नव्हता, एकही जास्तीचा नव्हता.

मी मुजावरांना हरितालिकेच्या दिवशी मुद्दाम बोलावलं. पाणीही न घेतलेला उपास. दुपारी चारला ते आले. मी दिनदर्शिका त्यांच्यापुढे धरली. त्यांनी एकेक गोल मोजला, मग हळूच म्हणाले, "आज्जी, ह्या पट्टीपुढं जरा फुंका बघू."

मी फुंकलं.

"दहनशील वाफ आढळली," ओव्हन म्हणाला.

मुजावर ओट्याला टेकून हसायला लागले. "अहो, रोज्याच्या महिन्यात आमची धाकटी माझ्या जवळ येत नाही. म्हणती, अब्बा, तोंडाला वास मारतोय. तेच हे! पोटात अन्न नसलं की शरीर साठवलेली चरबी जाळतंय. ती जाळताना ॲसिटोन तयार होतंय, ते श्वासातनं बाहेर पडतंय. नेलपॉलिश काढायच्या औषधात तेच असतंय. दहा लाख भागांत पाचदहा भाग, इतकं कमी. पण ह्याचं नाक पतंगाचं!"

म्हणजे मला पेटायला आलेली बाई समजून तो कुलूप घालत होता.

कंपनीला हे कळवलं तेव्हा कळलं की राज्यभरातून अशाच तक्रारी आल्या होत्या, सगळ्या श्रावणातल्या. आठवड्याभरात त्यांनी नवीन सोय पाठवली. तोवर मी काय करायची? पदर नाकातोंडाला घट्ट गुंडाळायची, श्वास कोंडायची, दिंडं आत सरकवायची, बटण दाबायची आणि देवघरात पळायची. साठीपुढची बाई सोवळ्यात दरोडेखोरासारखी. शर्वी दारात उभी राहून सांगायची, "आज्जी, सुरू झाला! आता घे श्वास." पाचव्या सोमवारचा नैवेद्य गरम झाला तो असा.

नव्या सोयीचं नाव होतं उपवास नोंद. घरात उपास कोण करतं ते ओव्हनला सांगून ठेवायचं. मितालीने माझं नाव घातलं: आज्जी. त्यानंतर तो वास आला की ओव्हन कुलूप घालत नसे. "आज्जींचा उपास" आणि पुढे दहा लाखांत किती भाग तो आकडा लिहून ठेवी, आणि तो निरोप माझ्या आणि मितालीच्या फोनवर येई. उपासाच्या दिवशी सहा यायचा, कधी सात. हरितालिकेच्या दिवशी फुंकलं होतं तो, मुजावरांनी यंत्राच्या आतल्या नोंदीतून काढून सांगितला, नऊ; त्यावर माझा आकडा कधी गेला नाही.

मला वाटलं, सुटलो एकदाचे. सगळ्यांनाच वाटलं. आठवडाभर घरात वेळेवर चहा होत होता.

सहावा सोमवार झाला. पुढल्या बुधवारी मिताली संध्याकाळी माझ्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं.

"आई, तुम्ही आता रोज उपास करताय का?"

"नाही गं. सोमवार झाला. आता एकादशीला."

"मग हे काय?" तिने फोन पुढे केला; माझ्या फोनवरचे निरोप मी फारसे उघडत नसे. मंगळवार : आज्जींचा उपास, अठरा. बुधवार : आज्जींचा उपास, सव्वीस. "सकाळी सात दहाला. आम्ही कुणी स्वयंपाकघरात यायच्या आत."

"मी जेवले गं काल. आजही जेवले, दुपारी."

"दुपारी कोण असतं घरात बघायला?"

तिचं म्हणणं खरंच होतं. चातुर्मासात मी एकभुक्त असते, दुपारी एकदाच जेवते, आणि तेव्हा घरात मी एकटी. बरं, मी पूर्वी लपवून उपास केलेही होते. कौस्तुभच्या ऑपरेशनच्या वेळी सात दिवस, न सांगता. ते नंतर उघडकीला आलं होतं. त्यामुळे आता खरं बोलले तरी तोंड माझंच, विश्वास कोण ठेवणार.

"तुमचा आकडा वाढतोय, आई. साठीनंतर असं करायचं नसतं. शर्वीसाठी करताय ना? शर्वी ठीक आहे. जेवते चांगलं, पाणी तर इतकं पिते, दोन बाटल्या शाळेत नेते. ज्यूस मागत नाही की काही नाही. तुम्हीच आजारी पडलात तर तिला कोण बघेल?"

"यंत्र चुकत असेल."

"आधी तुम्हीच म्हणत होतात, यंत्र बरोबर आहे, त्याला सोमवार कळतो."

कौस्तुभ बाहेरून म्हणाला, "आई, खा ना बाई जरा," तेव्हा मात्र माझे डोळे भरून आले. वाईट वाटून नव्हे, चिडून. चिडले की माझा आवाज आणखीच बारीक होतो. मी म्हटलं, "रविवारी मी वाईला अण्णांकडे जाते. मंगळवारी बाबांचं श्राद्ध आहे. तुमच्या ओव्हनला विश्रांती."

रविवारी सकाळी माझ्या नावावर चाळीस आला होता. निघताना शर्वी बिलगली. हाताला तिची पाठ लागली, मणके मोजता आले असते. तोंडाला गोडसर वास. मी म्हटलं, "पेरू खाल्लास वाटतं?" ती म्हणाली, "नाही गं, पाणी प्यायले." आणि पुन्हा बाटली तोंडाला लावली.

सातवा सोमवार. वाईला अण्णांच्या, माझ्या भावाच्या, पडवीत मी जप करत बसले होते. वहिनी उद्याची अळूची पानं पुसत होत्या. फोन वाजला. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं.

"आज्जींचा उपास : एकाहत्तर. उपास अतितीव्र आहे. आज्जी, भरपूर पाणी प्या. काळजी घ्या."

मला आधी हसूच आलं. दीडशे किलोमीटरवरून माझ्या तोंडाचा वास! काय ते पतंगाचं नाक. वहिनींना फोन दाखवला, त्याही हसल्या. मी जपमाळ पुन्हा उचलली.

मणी पुढे सरकेना.

कुणाचा तरी श्वास होता तो. मी तर इथे. सात दहाला त्या ओव्हनपुढे कोण असतं? मिताली अंघोळीला, कौस्तुभ झोपलेला. सात दहाला ओव्हनच्या टाकीत पाणी भरायचं काम शर्वीचं. हौसेने घेतलेलं. पाणी भरून झालं की ती काचेच्या दाराला तोंड लावून "हाऽऽ" करते आणि उमटलेल्या वाफेवर बोटाने काहीतरी काढते. मांजर, फूल, स्वतःचं नाव. मी कितीदा रागावले होते, काच पुसावी लागते म्हणून. त्या काचेच्या खालीच ती पट्टी.

ओव्हनला घरात उपास करणारं एकच माणूस माहीत होतं. म्हणून जो वास येईल तो माझ्याच नावावर. अठरा. सव्वीस. चाळीस. एकाहत्तर. पोर दोन वेळा जेवत होती, वर माझी दिंडं खात होती, आणि तरी तिचं शरीर आतून असं जळत होतं, जसं उपाशी माणसाचं जळतं. त्याहून आठपट. कारण काय ते मला कळत नव्हतं. पण नऊच्या वर माझा आकडा कधी गेला नव्हता, आणि मी पाणीही न पिता चोवीस तास काढलेले आहेत.

मौन होतं. मी मितालीला लिहिलं : शर्वीला आत्ता डॉक्टरांकडे ने. तो आकडा तिचा आहे.

उत्तर आलं : "आई, सेन्सर गेलाय. तुम्ही वाईला आणि तो तुमचं नाव दाखवतोय 😀 मुजावरांना कळवलंय. मीटिंगला चाललेय."

मी पुन्हा लिहिलं. पुन्हा. तिने वाचलंच नाही. कौस्तुभला लिहिलं, त्याने उठलेला अंगठा पाठवला. माझ्या घरच्यांना माझं लिहिणं बोलण्याहून हळू ऐकू येतं. आठ वाजले. शाळेची बस गेली असणार.

सहा सोमवार पुरे झाले होते. सातव्याचा सूर्य नुकता वर आला होता. मी देवाकडे पाहिलं, माळ पाटावर ठेवली आणि फोन लावला.

"हॅलो, आई? लिही ना, कळलंय मला..."

"कौस्तुभ."

मग त्याचा आवाज बदलला. "आई? तू बोलतेयस? आज सोमवार आहे."

"माहीत आहे मला. शर्वीला शाळेतून उचल आणि दवाखान्यात ने. आत्ता. तिच्या तोंडाचा वास घेऊन बघ. डॉक्टरांना सांग, ओव्हनने एकाहत्तर सांगितलंय, आणि मी घरात नाही."

"पण आई, ते मशीन..."

"कौस्तुभ, मी ओरडू का आता?"

"नको," तो म्हणाला. "निघालो." त्याने कारण विचारलं नाही. नंतर मला म्हणाला, यंत्राचं मला काही कळलं नव्हतं गं, पण तू सोमवारी सकाळी बोललीस, म्हणजे काहीतरी भयंकर आहे एवढं कळलं.

अण्णांनी गाडी काढली. साडेबाराला मी कोल्हापुरात दवाखान्यात पोचले. शर्वी पांढऱ्या चादरीवर, हाताला नळी. श्वास जोरजोरात घेत होती, पळून आल्यासारखी. रक्तातली साखर चारशे शहाऐंशी.

डॉक्टर कामत बाई तरुण होत्या, पण भराभर बोलत नव्हत्या. त्यांनी आम्हा तिघांना बाकावर बसवलं. शर्वीच्या शरीराने इन्सुलिन करणाऱ्या पेशी स्वतःच मारल्या होत्या. इन्सुलिन नसलं की रक्तात साखर असूनही ती पेशींत शिरत नाही. अन्न दारात येऊन पडतं आणि आतली माणसं उपाशी. मग शरीर चरबी जाळत सुटतं, रक्त आंबत जातं. साखर लघवीवाटे पाणी ओढून नेते, म्हणून तहान. "शाळा सुटेपर्यंत थांबला असतात तर बेशुद्ध झाली असती," त्या म्हणाल्या. "वेळेत आणलंत. कुणाच्या लक्षात आलं?"

मितालीने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मला मात्र दुसरंच काही दिसत होतं. सहा सोमवार. सहा वेळा मी तिच्या हातावर पुरण ठेवलं होतं, कधी गरम दिंड, कधी ते नाही म्हणून वाटीत नुसतं, आणि म्हटलं होतं, खा बाळा, अंगी लागेल. मी डॉक्टरांना विचारलं. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

त्या पुढे वाकल्या. "आज्जी, पुरणाने हा आजार होत नाही. तुमच्या दिंडांनी तिला काही झालेलं नाही. आणि पुढेही ती दिंडं खाईल. किती खायची आणि त्याला औषध किती, एवढंच शिकायचं."

पाच दिवसांनी शर्वी घरी आली. पोटाला इन्सुलिनची चकती, गालाला जरा रंग. दसऱ्यापर्यंत दोन किलो वजन भरलं. मी कंबरेचे टाके उसवले, एका बाजूचे. ओव्हनच्या नोंदीत आता दोन नावं आहेत; फुंकायच्या आधी कुणाची पाळी ते फोनवर निवडायचं. घरातला एक माणूस दूर असला की त्याचं नाव लिहायचं नाही, अशी सुधारणा करा म्हणून मुजावरांनी कंपनीला लिहिलं. कंपनीच्या गोड आवाजाने त्यांचे आभार मानले. अजून काही केलेलं नाही.

मोडलेलं व्रत मोडलंच. तिथे तडजोड नाही. मी कार्तिकातल्या पहिल्या सोमवारपासून पुन्हा सुरू केलं. दिनदर्शिकेवर पेन्सिलने लिहिलं : एक.

संध्याकाळी सहा. शर्वीने ताटलीतलं दिंड वजनकाट्यावर ठेवलं, फोनमध्ये काहीतरी पाहिलं आणि जाहीर केलं, "एकात बावीस ग्रॅम कर्बोदकं. दोन खाल्ली तर चव्वेचाळीस. दोन खाणार." मग काचेला "हाऽऽ" केलं.

"शर्वी : दोन," ओव्हन म्हणाला.

मी वाकले. "आज्जींचा उपास : सात." आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून हसलो. चाळणी आत, दार बंद, बटण.

"खालच्या ट्रेमधले पाणी काढा."

ट्रे ओढला. भरलेला. ओतला, पुसला, बसवला.

"खालच्या ट्रेमधले पाणी काढा."

कोरडा ठणठणीत होता. तरी पुन्हा पुसला. निरांजन लावून झालं होतं, दिवेलागणीला पाचच मिनिटं होती, चाळणीत दिंडं सुकत होती.

"खालच्या ट्रेमधले पाणी काढा."

"काढलंय रे मेल्या, तीनदा काढलंय! आता काय माझा जीव काढू?"

माझा आवाज भिंतीला आपटून परत आला. शेजारच्यांच्या कुत्र्याने भुंकून उत्तर दिलं. शर्वीने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"आज्जी! मौन!"

मिताली धावत आली. काय झालं ते तिने पाहिलं, गुडघ्यावर बसली, नळी सोडवली आणि मुजावरांनी दाखवली होती तशी तार आत घातली. तारेच्या टोकाला काहीतरी आलं. फुगलेला, लालसर दाणा. मग दुसरा.

मी तिच्याकडे पाहिलं. मी नव्हत्या वाहिल्या. मी तर दसऱ्याला फक्त एक झेंडूचं फूल ठेवलं होतं, लांबून.

मिताली कानापर्यंत लाल झाली होती. "दसऱ्याला तुम्ही देवळात गेला होतात तेव्हा," ती तारेकडे बघत म्हणाली. "कसं करतात ते मला माहीत नव्हतं, आई. जाळीवर मूठभर टाकल्या."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग दिनदर्शिका काढली, आजच्या तारखेवरचा एक खोडला आणि पुढच्या सोमवारी लिहिला.